खुर्चीवरून उतरताना

पहाटेचे ३ वाजून १० मिनिटं झालीत आणि तुम्ही मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजताय. ७६. घड्याळाकडे बघत पुन्हा मोजता. ८२. मोजल्यामुळेच वाढली असणार, एवढं तुम्हाला कळतं. पण कळून काय होतं? तिसऱ्यांदा मोजता तेव्हा ९०.

डोंबिवली. दुसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून घरी येऊन ११ दिवस झाले. उजव्या मनगटात जिथून तार आत गेली होती, तिथला काळानिळा डाग आता कडेने पिवळा पडायला लागलाय. झोपतानाही तुम्ही खिशाचा शर्ट घालता, कारण खिशात जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळ्यांची पट्टी असते. उशाशी कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर. पलीकडे बायको झोपली आहे, म्हणजे तुमच्या श्वासाकडे कान लावून पडली आहे. तुम्ही कूस बदललीत की ती विचारते, "अहो, काय होतंय?" तुम्ही म्हणता, "काही नाही, झोप तू." हा संवाद एका रात्रीत चार-पाच वेळा होतो आणि दोघांपैकी कोणाचाच त्यावर विश्वास नाही.

डाव्या कुशीवर वळलात की ठोके थेट उशीतून कानात येतात. दर वेळी ते नवं संकट वाटतं. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं, आणि रात्री पंख्याखेरीज दुसरा आवाज नसतो. धडधाकट माणसालाही ते ऐकू येतात. फक्त तो ऐकत बसत नाही.

आणि ती खुर्ची. घरी आलात त्या दुपारी जिन्याच्या तोंडाशी लाल प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती, खालच्या वाण्याच्या दुकानातली. बिल्डिंगमधली चार पोरं बाह्या सरसावून उभी. "काका, तुम्ही फक्त बसा. हलू नका." तुम्ही बसलात. खुर्ची तिरपी होत वर निघाली, तशी एकेक दार उघडत गेलं. कोणी हात जोडले, कोणी नुसतंच बघितलं. तुम्ही पायातून निसटू पाहणाऱ्या चपलांकडे डोळे लावून बसलात. याच ३८ पायऱ्यांवरून २२ वर्षं तुम्ही गॅसचं सिलिंडर खांद्यावर टाकून वर आणलं होतं. त्या दुपारनंतर तुम्ही उंबरा ओलांडलेला नाही.

नाडी पुरे झाली. आता डोळे मिटा आणि साल मोजा, उलटं. २०००. १९८६. १९७०. १९५५.

आणखी थोडं मागे. थांबा.

*

लोखंडी खाट. चादर इतकी ताणून खोचलेली, की पाय बांधून ठेवल्यासारखे. उंच खिडकी, बाहेर बर्फ, वाफेच्या नळाची टकटक. हे बोस्टन आहे, पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटल, साल १९५०. इथे तुम्हाला ॲटॅक येऊन ११ दिवस झालेत.

तुमच्या छातीतली जाळी इथे कोणाला सापडणार नाही. माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसायला अजून ३६ वर्षं आहेत. इथे ब्लॉकेज उघडत नाहीत, रक्तवाहिनीचा फोटो काढत नाहीत. इथे मुख्य उपचार एकच, पडून राहणं. चार आठवडे, कधी सहा.

पडून राहणं म्हणजे आपलं रविवार दुपारचं नव्हे. पहिले काही दिवस घास दुसऱ्याने भरवायचा. कुशीवर वळायचं असेल तर नर्सला हाक मारायची, ती वळवणार. दाढी दुसरा करणार. आणि शौचाला बेडपॅन. उताणं झोपून, पार्श्वभागाखाली गार पत्रा ठेवून, पडद्यापलीकडे माणसं उभी असताना पोट साफ करून दाखवा म्हणजे कळेल, की उठून चार पावलं चालणं हृदयाला किती स्वस्त पडलं असतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस काल होता, आज गादी गुंडाळलेली आहे. त्याचं हृदय सावरत होतं. पण पडून पडून पायात रक्ताची गुठळी झाली, ती सुटली आणि फुप्फुसात जाऊन बसली. या वॉर्डात असं वरचेवर होतं.

हे डॉक्टर मूर्ख नाहीत. १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखवून दिलं की हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडली तरी माणूस लगेच मरतोच असं नाही. तो जगू शकतो आणि जिवंतपणीच आजार ओळखता येतो. जगला तर त्याला काय सांगायचं? हेरिक म्हणाले, पूर्ण विश्रांती. पुढे शवविच्छेदनं करणाऱ्यांना दिसलं की हृदयाचा मेलेला भाग व्रण होऊन घट्ट व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर माणूस हलला तर हृदय तिथेच फाटेल, ही धास्ती. मोडलेलं हाड हलवत नाहीत, तसंच हे. तर्क शहाण्यासारखा होता, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला.

तुम्हाला मावशी आठवते. तुमच्या घरी येऊन, शहाळं टेबलावर ठेवून, "हार्टवाल्याने जिना चढू नये" असं ठासून सांगून गेलेली. हिंदी सिनेमातले डॉक्टर आठवतात, चष्मा काढून 'यांना धक्का बसता कामा नये' म्हणणारे. चार पोरं आणि लाल खुर्ची आठवते. ते सगळे या वॉर्डातलेच आहेत. वॉर्ड कधीच बंद झाला. पण त्याचा सल्ला बोटीत बसून, पिढ्या ओलांडून तुमच्या जिन्यापर्यंत पोचला.

दुपारी वॉर्ड शांत असतो. करायला काही नसतं, म्हणून तुमचं मन पुन्हा मागे घसरतं.

करवतीचा आवाज. अठराव्या शतकातलं इंग्लंड, एक अंगण, पाठमोरा माणूस ओंडका कापतोय. थांबत नाही, घाईही करत नाही. चालताना छातीत आवळून येणं, थांबलं की जाणं, या दुखण्याचं वर्णन विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १७६८ साली मांडलं आणि त्याला 'अंजायना' हा शब्द दिला. कारण त्यांना माहीत नव्हतं, औषध तर नव्हतंच. पण एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली: त्यांच्या ओळखीच्या एका रोग्याने रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. त्याच्या नावाची नोंद नाही. पुढच्या दीडशे वर्षांत डॉक्टर त्याला चक्क विसरले.

आवाज बंद होतो. आता एक लांब टेबल, भोवती चिडलेली माणसं. लंडनचं सेंट जॉर्जेस हॉस्पिटल, १६ ऑक्टोबर १७९३. टेबलापाशी बसलेले जॉन हंटर हे त्या काळचे सगळ्यात नावाजलेले सर्जन. त्यांना वीस वर्षं अंजायना आहे आणि तो रागासरशी उसळतो. आपला जीव कोणाही हलकटाच्या हातात आहे, त्याने मला चिडवायचं ठरवलं की झालं, असं ते स्वतःच सांगत आले. आज बैठकीत कोणीतरी त्यांचं म्हणणं खोडून काढतं. हंटर उठतात, शेजारच्या खोलीत जातात आणि कोसळतात.

भीतीबद्दलची खरी गोष्ट मात्र याच्या पंधरा वर्षं आधीची आहे. हंटर यांच्या एका शिष्याला संशय आला होता की हे दुखणं हृदयाच्याच रक्तवाहिन्यांचं आहे. तो शिष्य म्हणजे एडवर्ड जेन्नर, पुढे देवीची लस शोधून काढणारा. त्याने हे १७७८ साली हेबर्डन यांच्यासाठीच्या पत्रात लिहिलं, पण गुरूंच्या कानावर घालायला तो धजावला नाही. त्यांना कळलं तर ते आशाच सोडतील, ही त्याची काळजी. जग बदलणारा माणूससुद्धा शेवटी तुमच्या मुलासारखाच: रिपोर्ट आधी स्वतः वाचणार, मग "सगळं नॉर्मल आहे बाबा" म्हणणार, आणि नंतर बाल्कनीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलणार.

*

टकटक. वाफेचा नळ. तुम्ही पुन्हा बोस्टनमध्ये आहात, पण वर्ष पालटलंय: १९५१. खाटेजवळ दोन डॉक्टर उभे आहेत. साठीला टेकलेले ते सॅम्युअल लेव्हीन. पोलंडमधून लहानपणी आले, बोस्टनच्या रस्त्यावर वर्तमानपत्रं विकली, आता हार्वर्डमध्ये शिकवतात. शेजारचा तिशीतला बर्नार्ड लाऊन.

कसं दुखलं ते तुम्हाला लेव्हीन यांना सांगायचंय आणि इंग्रजी शब्द सापडत नाहीत. तुमचा हात आपोआप उठतो, मूठ वळते आणि छातीच्या मधोमध टेकते. त्यांना एवढं पुरतं. ॲटॅकचं दुखणं सांगताना जगभरची माणसं अशीच मूठ धरतात, हे त्यांनी हेरलं. त्या खुणेला आज त्यांचंच नाव आहे. आणि गेले ११ दिवस घरी तुम्ही बायकोला काय दाखवत होतात? एक बोट. डाव्या बाजूला, बरगडीवर, "इथे, इथे टोचतंय." एका बोटाने दाखवता येणारं दुखणं सहसा हृदयाचं नसतं. सहसा म्हणतोय, नेहमी नव्हे. पण मूठ आणि बोट यातला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता खुर्ची येते. मराठीत खुर्ची म्हटलं की आधी मंत्रालय आठवतं. ही साधी, हात असलेली, गादीची आरामखुर्ची आहे. लेव्हीन यांचं म्हणणं असं, की माणूस आडवा असला की पायातलं रक्त छातीकडे येतं आणि दुखऱ्या हृदयावर ओझं पडतं. बसला की ते खाली उतरतं. म्हणून ॲटॅक आलेल्यांना पहिल्या काही दिवसांतच खुर्चीत बसवून बघू. हॉस्पिटलमधले तरुण डॉक्टर हादरले. त्यांच्या लेखी हा खून होता. एका सकाळी लाऊन वॉर्डात आले, तेव्हा सहकाऱ्यांनी रांगेत उभं राहून हात पुढे ताणून त्यांना नाझी सलाम ठोकला. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि लाऊन लिथुआनियात जन्मलेला ज्यू.

तुम्हाला उचलतात. हो, इथेही उचलूनच. खाली काही तरी फाटणार, या भीतीने तुम्ही डोळे घट्ट मिटून घेता. मग तळव्यांना फरशी लागते. गार.

काही फाटत नाही.

एक मिनिट. पाच मिनिटं. खिडकीच्या पातळीवर तुमचे डोळे आलेत, आणि गेले दीड आठवडा जे नुसतं आढं होतं तिथे आता रस्ता आहे, बर्फ उकरणारा माणूस आहे, ट्राम आहे. कोणी तरी हातात कप देतं. तो तुम्हीच धरता. कप कलंडत नाही. शौचासाठी कमोड खुर्ची येते आणि पडदा ओढून घेतात; त्या दहा मिनिटांत तुम्हाला जे काही वाटतं त्याला स्वातंत्र्य म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्धा दिवस बसता. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हीच लाऊनच्या मागे लागता, की चालू कधी?

त्यांनी ८१ रोग्यांना असं बसवलं आणि १९५२ साली निष्कर्ष छापले. बसवल्याने धोका वाढला असं दिसलं नाही. पण ज्या गोष्टीचा लाऊन पुढे आयुष्यभर उल्लेख करत राहिले ती वेगळीच: खुर्चीत बसलेल्यांची घाबरगुंडी ओसरली. झोपेच्या गोळ्या कमी लागल्या, दुखण्याची औषधं कमी लागली. सहा आठवडे पाठीवर पडलेल्या माणसाला कोणी काही बोललं नाही तरी खाट रोज सांगत असते, की तू काचेचं भांडं आहेस. खुर्चीने ते वाक्य खोडलं. काही वर्षांतच जगभर रोग्यांना लवकर उठवायला सुरुवात झाली. याच लाऊननी पुढे हृदयाला ठरावीक विजेचा झटका देणारं यंत्र घडवलं, आणि ज्या डॉक्टर-संघटनेने अणुयुद्धाविरुद्ध आवाज उठवल्याबद्दल १९८५ चं शांततेचं नोबेल मिळवलं तिचे ते एक संस्थापक. पण ते उठता-बसता सांगायचे ती गोष्ट खुर्चीची.

आणि दुसरी एक, जी सांगताना त्यांना जड जायचं. तुम्ही खुर्चीतून बघताय. पलीकडे एक मध्यमवयीन बाई, ग्रंथालयात काम करणारी, हृदयाच्या झडपेचा जुना आजार. अवस्था तशी ठीक. लेव्हीन लवाजम्यासह येतात, तिची विचारपूस करतात आणि बरोबरच्या डॉक्टरांना म्हणतात, हिला 'टीएस' आहे. टीएस म्हणजे ट्रायकस्पिड स्टेनोसिस, झडप अरुंद होणं. ते निघून जातात. बाईचा श्वास वाढतो, घाम फुटतो. लाऊन विचारतात, काय झालं? ती म्हणते, डॉक्टर म्हणाले, टीएस. म्हणजे टर्मिनल सिच्युएशन. शेवटची घटका. लाऊन समजावतात, परोपरीने समजावतात. तिचा विश्वास बसत नाही. त्याच दिवशी फुप्फुसांत पाणी भरून ती जाते. ज्या माणसाने खुर्चीने इतक्यांची भीती उतरवली, त्याच्याच तोंडच्या दोन अक्षरांनी हे केलं.

तुमची दोन अक्षरं कोणती, ते तुम्हाला ठाऊक आहे. ईएफ. टू-डी इकोच्या कागदावर 'ईएफ ४५ टक्के' वाचल्यापासून तुम्ही मनात धरून चाललाय की हृदय निम्म्याहून जास्त गेलं. ४५ मार्क, काठावर पास. या परीक्षेत १०० मार्क कोणालाच नसतात. प्रत्येक ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर टाकतं, त्याचा तो आकडा. ठणठणीत माणसाचासुद्धा ५५-६०च्या आसपास असतो. ४५ म्हणजे थोडं कमी. आणि ॲटॅकनंतर लगेचचा आकडा काही आठवड्यांनी बऱ्याचदा सुधारतो. हे कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं नाहीत, कारण उत्तराची भीती होती.

*

डेन्व्हरला फार वेळ थांबायचं नाही, पण पायजमा बघून जाऊ.

सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर सासुरवाडीच्या गावी सुट्टीवर आलेत. दिवसभर गोल्फ, जेवणात कच्च्या कांद्याचा हॅम्बर्गर, मग पोट बिघडल्याची तक्रार. मध्यरात्रीनंतर छातीत कळ. लोकांना पहिली बातमी गेली ती अपचनाची. (तुम्हीही वडापावाला दोष देऊन ईनो घेतलं होतंत, राष्ट्राध्यक्षांची जी चूक, तीच तुमची.) २४ तारखेला कळलं की हा ॲटॅक आहे. सोमवारी, २६ तारखेला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार ६ टक्क्यांहून जास्त कोसळला. एका माणसाच्या छातीतली भीती अख्ख्या देशाला लागली.

बोस्टनहून पॉल डडली व्हाइट नावाचे हृदयतज्ज्ञ विमानाने आले. सायकल चालवणारे, रोग्यांना चालायला लावणारे. त्यांनी पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं: रक्तवाहिनी कशी बंद होते, पुढे काय होऊ शकतं, आणि राष्ट्राध्यक्षांचं पोट साफ झालं हेसुद्धा. लोक हसले, लाजले. पण बातमीतलं भूत गेलं. जेन्नरने जे गुरूपासून लपवलं, ते व्हाइटनी जगाला सांगून टाकलं.

ऑक्टोबर संपता संपता हॉस्पिटलच्या गच्चीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो काढला जातो. तुम्ही फोटोग्राफरच्या मागे उभे आहात. खुर्चीत बसलेत, अंगात लाल पायजमा-शर्ट, कॉलरवर पाच तारे, आणि खिशावर भरतकाम: 'बरंच बरं आहे, आभार.' पत्रकारांनीच भेट दिलेला. तुम्हाला हा शर्ट हवाय. आल्यागेल्या प्रत्येकाला "आता कसं वाटतंय?"चं उत्तर देऊन तुमचा जीव शिणलाय, आणि प्रत्येक उत्तरानंतर समोरचा आपल्या मेव्हण्याच्या दुसऱ्या ॲटॅकची हकिगत काढतो. भरतकाम करून घ्यायला हवं.

आयझेनहॉवर पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक लढले, जिंकले, आणि १९६१ पर्यंत तो देश चालवला.

*

झुरिक, १६ सप्टेंबर १९७७. इथे तुम्ही खाटेवर नाही, काचेपलीकडे आहात. टेबलावर ३८ वर्षांचा माणूस, जागा. आंद्रेआस ग्रुन्टसिग यांच्या हातातल्या नळीच्या टोकाला एक फुगा आहे. असे फुगे त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रात्री-रात्री जागून, बायकोच्या आणि सहकाऱ्यांच्या मदतीने चिकटवून केले. शेजारी सर्जन तयार उभे आहेत, बिनसलंच तर छाती उघडायला. जगात हे आजवर कोणी जाग्या माणसाच्या हृदयात केलेलं नाही. फुगा फुगतो, उतरतो. पुन्हा एकदा फुगतो. रक्त वाहतं.

त्या माणसाला काय वाटलं असेल? आधी कोणीच या रस्त्याने गेलेलं नाही आणि तो पहिला. तुमच्या वेळी कॅथ लॅबमधले टेक्निशियन आयपीएलबद्दल बोलत होते. त्याचा तुम्हाला तेव्हा राग आला होता. आता, या काचेमागे उभं राहून विचार केलात तर त्या गप्पांइतका दिलासा दुसरा कोणता? ज्या कामात माणसं जीव मुठीत धरून उभी असायची, ते करताना आता स्कोअर विचारतात.

दहा वर्षांनी त्या माणसाची रक्तवाहिनी पुन्हा तपासली, ती उघडीच होती. त्याच्याकडे स्टेंट नव्हता. तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही गेले ११ दिवस तो घसरेल म्हणून बादली उचलली नाही, मोठ्याने शिंकला नाही. स्टेंट बाहेरून अडकवलेला नसतो. फुग्याच्या दाबाने भिंतीत रुतवलेला असतो, आणि काही आठवड्यांत-महिन्यांत त्यावर रक्तवाहिनीचं स्वतःचं अस्तर चढत जातं. शिंकेने तो हलत नाही. तो बिघडतो तो रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद केल्या तर. व्हॉट्सॲपवर आलेला लसूण-आलं-लिंबाचा काढा घ्यायचाय तर घ्या बापडे, आधी डॉक्टरांना विचारून. पण गोळ्यांच्या जागी नाही.

*

पाच वाजलेत. पंखा. उशी. डोंबिवली.

तुम्ही दिवा लावता आणि डिस्चार्ज कार्ड काढता. पहिल्या पानावर ईएफ आहे, ते आज ओलांडा. मागच्या बाजूला, औषधांच्या यादीखाली, घाईच्या अक्षरात दोन ओळी: रोज चालणे, १० मिनिटांपासून, हळूहळू वाढवा. जिना चालेल, सावकाश. तारीख ११ दिवसांपूर्वीची. खुर्चीची काही गरजच नव्हती.

बायको उठून बसलीय. या वेळी तुम्ही 'काही नाही' म्हणत नाही. म्हणता, "मला भीती वाटते. रोज रात्री वाटते." ती बराच वेळ गप्प राहते. मग म्हणते, "मलाही." गेल्या ११ दिवसांतला हा पहिला खरा संवाद. असे तुम्ही दोघंच आहात असं समजू नका. ॲटॅकनंतर दर पाच माणसांत साधारण एकाला खोल नैराश्य येतं, आणि नुसत्या धास्तीने झोप उडालेले त्याहून जास्त. ते स्वभावाचं दुबळेपण नव्हे. पुढच्या तपासणीला बीपी आणि शुगरबरोबर हेही सांगायचं. बोलून उपचार करणारी माणसं असतात, हृदयरोग्यांना चालतील अशा गोळ्याही असतात. बसल्या जागी मध्येच दम लागल्यासारखं होतंय हेही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीने काहींना तसं होतं आणि ती डॉक्टर बदलून देऊ शकतात. धडधडीबरोबर ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, ते बहुतेकदा भीतीने भराभर श्वास घेतल्याने. श्वास सोडताना घेण्याच्या दुप्पट वेळ लावून बघा.

फ्रिजवर मुलाने कागद चिकटवलाय: मुठीसारखं दुखणं, घाम, हाताला किंवा जबड्याला कळ, विश्रांती घेऊन आणि जिभेखाली गोळी ठेवूनही पाच-दहा मिनिटांत न थांबणं, मग वाट बघायची नाही, १०८. तो कागद आहे म्हणूनच बाकीचा वेळ नाडी मोजायची गरज नाही. ऑक्सिमीटर कपाटात गेलं तर चालेल.

सहा वाजता तुम्ही चपला घालता. बायको मागोमाग येते, पदर खोचून, जणू तुम्ही पडलात तर ती एकटी झेलणार आहे. उतरणं सोपं जातं. खाली वाण्याचं दुकान उघडतंय, दाराशी ती लाल खुर्ची. वाणी लगबगीने ती पुढे सरकवतो. तुम्ही दोन मिनिटं बसता, दुधाची पिशवी घेता आणि उठता.

चढताना बोटं मनगटावर जात नाहीत, कारण एका हातात दूध आहे आणि दुसऱ्यात कठडा. तुम्ही पायऱ्या मोजता. पहिल्या मजल्यावर थांबता; धाप लागलीय, पण बायकोशी पूर्ण वाक्य बोलता येतंय, म्हणजे ठीक. दाराआडून कोणी तरी डोकावतं. तुम्ही खिशाकडे बोट दाखवून हसता, त्यांना काही कळत नाही.

वर पोचायला चार मिनिटं लागतात. पायऱ्या ३६ आहेत. २२ वर्षं तुम्ही ३८ समजत होतात.